उकिरड्यावरचं लेकरू

"ह्ये माझं न्हवं," केरबा म्हणाला आणि कागद माझ्या झेरॉक्स मशीनच्या काचेवर आपटला.

"कागद तुझा न्हाई का त्यातला जन्म तुझा न्हाई?" मी विचारलं.

"अर्जुना, चेष्टा करू नगं. नानासोनं काढलीया ही नक्कल. कचेरीतनं."

तहसील कचेरीच्या समोर माझं दुकान आहे. झेरॉक्स, अर्ज, कोर्ट फीची तिकिटं, लॅमिनेशन. लोक मला अर्धा वकील म्हणतात, उरलेल्या अर्ध्याला काय म्हणतात ते माझ्यासमोर सांगत नाहीत. मी नक्कल वाचली. जुन्या जन्म रजिस्टरातली नोंद होती. मुलगा. आईच्या रकान्यात राहीबाई, बापाच्या रकान्यात राहीबाईचा नवरा.

आता केरबा राहीबाईचा मुलगा नाही, हे आमच्या गावात कुत्र्यालाही ठाऊक आहे. तो धोंडुबाईचा. धोंडुबाईची आधीची पोरं एकापाठोपाठ एक गेली. म्हणून हा झाल्या झाल्या त्याला उकिरड्यावर टाकला, शेजारच्या राहीबाईनं उचलला, आणि धोंडुबाईच्या ओटीत सूपभर कण्या घालून विकत घेतला. मग "दूध तेवढं तू पाज" म्हणून परत हिच्याकडंच ठेवला. असं पूर्वी बऱ्याच घरांत करायचे. सटवाई पोर न्यायला आली की तिला वाटावं, हे भलत्याचंच. नाव केरबा कशावरून पडलं हे आमच्याकडं कुणी विचारत नाही.

पण धोंडुबाई एक पाऊल पुढं गेली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. कोतवाल नोंद घ्यायला आला तेव्हा तिनं राहीबाईलाच पुढं केलं. सटवाई कपाळावर लिहिते, म्हणजे तिला वाचताही येत असणार. मग सरकारी वहीत खरं कशाला सांगा, असा तिचा हिशेब. हिशेब बरोबर निघाला. केरबा जगला, साठी ओलांडली, पंचक्रोशीतल्या विहिरींच्या मोटरी दुरुस्त करून करून हाताला घट्टे पडले. एवढ्या काळात धोंडुबाईनं त्याला एकदाही माझा म्हटलं नाही. हाक मारायची ती "ए राहीच्या!" आणि तो तिला म्हणायचा वैनी. चुलते म्हणायचे, म्हणून तोही.

मागच्या साली बाप, म्हणजे धोंडुबाईचा नवरा, वारला. केरबानं सातबाऱ्यावर वारस लावायला अर्ज दिला आणि चुलतभाऊ नानासोनं हरकत घेतली. केरबा वारस नाही ठरला, तर म्हाताऱ्या धोंडुबाईच्या मागं विहिरीसकट सगळं रान नानासोकडं जाणार होतं. नानासो माणूस वाईट नाही. हरकत घेतली त्याच आठवड्यात त्यानं केरबाला फोन केला होता, मोटर पाणी उचलत नाही म्हणून.

"खोटी नक्कल आसंल," केरबा म्हणाला. "आपुन आपली काढू."

मी अर्ज लिहिला, तिकीट चिकटवलं, फी भरली. रेकॉर्ड रूमला आमचे आप्पासो. कुणीही काहीही मागितलं तरी आप्पासोंचं उत्तर ठरलेलं.

"त्या गावचं रजिस्टर उंदरानं खाल्लंय."

"नानासोला दिलं तवा उंदराचा उपास हुता का?" मी म्हणालो.

"त्येच्यानंतर खाल्लं."

मी दुसऱ्या दिवशी परत गेलो. घरच्या पिंजऱ्यात एक चांगला गब्दुल उंदीर घावला होता. पिंजरा आप्पासोंच्या टेबलावर ठेवला.

"घ्या सायेब, आरोपी. आता तुमीच इचारा, कंचं पान खाल्लं त्ये."

आप्पासो खुर्चीवर चढले. अख्खी कचेरी दारात गोळा झाली. त्या गडबडीत शिपायानं हसत हसत कपाटाच्या तळातून रजिस्टर काढलं. उंदरानं त्याला नखसुद्धा लावलेलं नव्हतं. संध्याकाळी शिक्क्यासकट नक्कल हातात आली.

नक्कल अगदी नानासोच्यासारखीच होती. आईच्या रकान्यात राहीबाई.

केरबा पायरीवर बसला. मग म्हणाला, "आता?"

"आता एकच. वैनीनं सुनावणीला सर्कल ऑफिसर मॅडमसमोर सांगायचं, ह्यो माझा लेक म्हणून. जित्या आईपुढं वहीचं काय चालणार?"

"त्ये ती म्हणायची न्हाई."

"का?"

"सटवाई आईकंल," केरबा म्हणाला.

आम्ही गेलो तेव्हा धोंडुबाई दारात शेंगा फोडत बसली होती. ऐंशी कधीच मागं टाकलेली, पण नजर घारीची. मी सगळं समजावलं. रान जाईल म्हणालो. नातवंडांना पाय ठेवायला जागा राहायची नाही म्हणालो.

"जाऊ दे रान," ती म्हणाली. "ह्यो ऱ्हाईल न्हवं?"

"आवं काकी, ह्यो साठीचा घोडा! आता सटवाई काय करतीया याला?"

"मोटरीला हात घालतुया रोज. करंट काय वय इचारतुय व्हय?"

मी आपली एक चेष्टा टाकली.

"मग आसं करा काकी, त्येला परत इकत घ्या. राहीबाई न्हाई, पर तिची लेक शालूबाई हाय की औंधाला. सूपभर कण्या द्या, पोरगं सोडवा. पावती मी करून देतो."

मी हसलो. केरबाही हसला. म्हातारी हसली नाही. शेंग फोडायची थांबली.

"उकिरडा पायजे," ती म्हणाली. "आन् सोडवला की तितंच, लगीच सांगून टाकाय पायजे. मधी येळ गेला की सटवाई येती."

"तितंच म्हंजी? कचेरीत?"

"मग कुटं?"

सुनावणीच्या दिवशी शालूबाई औंधाहून एसटीनं आली. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सूप. उतरल्या उतरल्या मला म्हणाली, "माझ्या आईनं आपल्या मर्जीनं येकच इकत घेतलं, आन् त्येबी तुमी परत मागताय."

कचेरीच्या मागं ढीग होता. चहाचे कागदी कप, फाटके अर्ज, बाभळीचा पाला. धोंडुबाईनं तो काठीनं उकरून पाहिला.

"ह्यो कसला उकिरडा? ह्यात शेण कुटं हाय?"

मी चहावाल्याच्या म्हशीमागून पाटीभर शेण आणलं. कचेरीच्या कामासाठी मी पुष्कळ काही केलं आहे, पण शेण पहिल्यांदाच.

"नीज," म्हातारी केरबाला म्हणाली.

"वैनी, लोक बघत्यात."

"तवाबी बघत हुती."

केरबानं टोपी काढली आणि तो ढिगावर आडवा झाला. पांढऱ्या मिशा, तेलकट पँट, चपला पायांतच. खिडकीतून आप्पासो बघत होते. मी त्यांच्याकडं बघून हातानं पिंजऱ्याची खूण केली, तेव्हा खिडकी लागली.

शालूबाईनं सूप पुढं धरलं. म्हातारीनं पदरातून आणलेल्या कण्या त्यात ओतल्या. सांडलेल्या वेचून पुन्हा टाकल्या.

"पोचलं का गं?"

"पोचलं. घेऊन जा तुझं," शालूबाई म्हणाली, आणि तोंड दुसरीकडं वळवलं.

धोंडुबाई खाली बसली. गडी काही तिला उचलवणार नव्हता. तिनं त्याच्या मानेखाली हात घातला, डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतला पाला काढू लागली. केरबा आकाशाकडं बघत पडून राहिला.

"ऊठ," थोड्या वेळानं ती म्हणाली. "बाई वाट बघत आसंल."

सर्कल मॅडम नव्या होत्या. त्यांनी केरबाच्या पाठीचं शेण बघितलं आणि पंखा वाढवला. नानासो कोपऱ्यात उभा होता. मॅडमनी त्याची नक्कल वाचली, आमची वाचली, आणि म्हातारीला खुर्ची दिली.

"आजी, हे तुमचे कोण?"

धोंडुबाईनं आधी दाराकडं बघितलं, मग खिडकीकडं, मग छताकडं. आवाज इतका खाली आणला की मॅडमना पुढं वाकावं लागलं.

"माझा."

"तुमचा कोण?"

"ल्योक."

"मोठ्यानं सांगा, लिहून घ्यायचंय."

"तुमी ल्ह्या की हळूच," म्हातारी म्हणाली.

मॅडमनी लिहिलं. वाचून दाखवलं, तेही हळूच. मग नानासोला विचारलं, तुमचं काय म्हणणं? नानासोनं पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरली. "काकीच म्हणती म्हणल्यावर मी काय म्हणू?" एवढंच बोलला. पुढं नोंद मंजूर झाली, सातबाऱ्यावर नाव लागलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. त्या दिवसापासून म्हातारीनं "राहीच्या" म्हणायचं सोडलं. पण दुसरी हाक तिच्या तोंडात बसेना. काम असलं की नुसती खाकरते, आणि तो येतो.

त्या दिवशी जबाबावर अंगठा दिल्यावर मॅडमनी पुसायला कागद पुढं केला. धोंडुबाईनं तो घेतला नाही. जांभळा अंगठा तसाच वर धरून, दुसऱ्या हाताचा आडोसा करत ती बाहेर आली.

व्हरांड्यात थांबली आणि खाकरली. केरबा वाकला. तिनं तो अंगठा त्याच्या गालावर, कानाच्या पुढं, दाबून टेकवला. लहान पोराला तीट लावतात तसा.

"पुसू नगंस," ती म्हणाली.

"न्हाई वैनी."

मागून नानासो आला. थोडा घुटमळला.

"केरबा, ती मोटर... पाणीच उचलंना बघ. ऊस वाळाय लागलाय."

"चल," केरबा म्हणाला. "मेन स्विच मातूर आदी पाड."

हे सांगताना त्यानं म्हातारीकडं बघितलं. तिनं मान हलवली.

तिला शालूबाईजवळ बसवून त्यानं नानासोच्या गाडीवर मागं टांग टाकली. पाठीला शेण, गालावर जांभळा ठिपका. गाडी चौकातून वळेपर्यंत म्हातारी व्हरांड्यातून बघत होती, शाईचा अंगठा मुठीत आवळून.