हर्शेलच्या तोंडची ओळ

नॅशव्हिलमधल्या त्या गाण्यांच्या कंपनीत इंटर्न म्हणून शिरकाव व्हावा म्हणून कोल्बी स्टॅम्परने सलग तीन उन्हाळे अर्ज टाकले होते. पहिल्या दोन वेळा साधं उत्तरही आलं नाही. तिसऱ्यांदा घेतलं. का घेतलं ते त्याला कळलं नाही, आणि विचारायची छाती झाली नाही. पगार नाहीच. काम काय, तर गीतकारांना कॉफी आणून द्यायची, गिटारच्या तारा आणायच्या, आणि खोलीत गाणं जुळत असलं की भिंतीला पाठ लावून गप्प बसायचं. इंटर्नने तोंड उघडायचं नाही, हा तिथला अलिखित कायदा. उन्हाळा संपला की कंपनीचे मालक लॅथ्रपसाहेब पाचजणांतून एकाला नोकरीत ठेवून घेत. बाकीच्यांनी शुभेच्छा घ्यायच्या आणि घरची वाट धरायची.

कोल्बीला घरची वाट नको होती. केंटकीतल्या ब्रायर्स फोर्कला परत जायचं आणि मिस विल्माच्या हार्डवेअरच्या दुकानात बापाशेजारी उभं राहून खिळे तोलायचे, हे त्याला नुसतं मनातही आणवत नव्हतं.

जुलैतल्या एका दुपारी डेला क्राउच आणि गस हे दोघे गीतकार सकाळपासून एकाच कडव्यावर अडून बसले होते. डेला निम्मं आयुष्य गाणी लिहीत आलेली बाई. मनाने मोकळी, पण जिभेला हाड नाही.

"कॉफीत पडलेल्या बिस्किटासारखं झालंय हे गाणं," ती वैतागून म्हणाली आणि भिंतीकडे वळली. "ए पोरा, तू तरी बोल काहीतरी! तुझ्या घरी कुणी कधी काही बोलतं की सगळे मुके?"

आता इथे जो गप्प बसेल तो शहाणा. पण नोकरी डोळ्यांसमोर नाचत असली की शहाणपण कुठून राहणार?

"माझे डॅडी घराला कुलूप लावत नाहीत," कोल्बी म्हणाला.

"बरं, मग?"

"आई सोडून गेली तेव्हा तिची किल्ली टेबलावर ठेवून गेली. डॅडी म्हणाले, 'तिच्याकडे किल्ली नाही रे. आली तर बाहेर उभी राहील.'"

मग गसने हळूच गिटार मांडीवर घेतली.

ही गोष्ट कोल्बीच्या बापाने, हर्शेल स्टॅम्परने, आयुष्यात एकदाच, एकालाच सांगितली होती. कोल्बी चौदा वर्षांचा असताना बापाला खूश करायला म्हणून दुकानातून नवंकोरं कुलूप घेऊन आला आणि दाराला बसवायला लागला. हर्शेलने ते त्याच्या हातातून काढून घेतलं, पोराला पायरीवर बसवलं आणि सांगितलं. गावाला मात्र तो म्हणायचा, कुलूप गंजलंय. मग काय, गावाला आयतं सापडलं. मिस विल्मा तर रोज गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, "अख्ख्या पंचक्रोशीला कुलपं विकतो आणि स्वतःचं दार सताड उघडं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!" हर्शेल हसून मान डोलवायचा. लोक हसले तरी चालेल, पण कीव नको, अशा स्वभावाचा तो माणूस.

गाणं संध्याकाळपर्यंत झालंसुद्धा. खोलीत ज्याचा हातभार लागला त्याचं नाव गाण्यावर, ही तिथली रीत. तिसरं नाव कोल्बीचं पडलं. दुसऱ्या दिवशी लॅथ्रपसाहेबांनी त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली, आणि कोल्बी हरभऱ्याच्या झाडावर चढला. फोनवर बापाला म्हणाला, "डॅडी, एका गाण्यावर माझं नाव आहे."

"कशावर आहे रे गाणं?"

"असंच. प्रेमाबिमावर."

ऑगस्टअखेर एका कॅफेत कंपनीच्या गीतकारांची बैठक होती. अशा बैठकीत गीतकार गोल बसतात आणि गाण्याआधी ते कुठून सुचलं ते सांगतात. लोक गाण्याइतकेच त्या गोष्टीसाठी येतात. कोल्बी खुर्च्या मांडत होता. सहा वाजले होते, बाहेर अजून लख्ख ऊन होतं. तेवढ्यात ब्रायर्स फोर्कच्या चर्चची पांढरी व्हॅन दारात उभी राहिली.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. आधी मिस विल्मा उतरली, मग चर्चमधली सहा-सात माणसं आणि शेवटी हर्शेल, टाय लावून. तो टाय फक्त मयतीला निघायचा.

"आम्हाला चोरून मोठा होतोस काय रे?" मिस विल्माने त्याचा गालगुच्चा घेतला. "आजच्या कार्यक्रमाचं मला फोनवर दिसलं म्हणून कळलं. तुझ्या बापाने महिनाभर दुकानात दुसरा विषय काढला नाही. कान किटले माझे!"

हर्शेल नुसता हसला, आणि पहिल्या रांगेत जाऊन बसला.

कोल्बी धावत डेलाकडे गेला.

"काय रे, तोंड का असं उतरलंय?" ती गिटार लावत होती. लॅथ्रपसाहेब शेजारीच उभे होते.

आज ते गाणं नको. एवढंच म्हणायचं होतं हो! डेलाने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि दुसरं गाणं घेतलं असतं. कोल्बीने साहेबांकडे पाहिलं.

"पाणी आणू का?" तो म्हणाला.

"आण," डेला म्हणाली.

त्याने पाणी आणलं. तेवढा एकच ग्लास भरताना त्याला स्वतःची जितकी शरम वाटली तितकी जन्मात वाटली नव्हती. तरी त्याने तो भरला.

"हे पुढचं गाणं आमच्या इंटर्नच्या बापाचं," डेलाने माइकवर सुरुवात केली. हर्शेल समोरच बसलाय याची तिला बिचारीला काय कल्पना? "हा गृहस्थ केंटकीत कुलपं विकतो. आणि घरी जाऊन स्वतःचं दार उघडं ठेवतो!" लोक हसले. मिस विल्मा सगळ्यांत मोठ्याने हसली आणि तिने हर्शेलला कोपराने ढोसलं. मग डेलाने का ते सांगितलं. मिस विल्माचं हसू तिथल्या तिथे विझलं. चर्चची माणसं एकेक करून हर्शेलकडे बघायला लागली, आणि ज्या नजरेला तो माणूस इतकी वर्षं चुकवत आला होता तीच नजर प्रत्येकाच्या डोळ्यांत होती.

गाणं संपेपर्यंत हर्शेल टायचं टोक सरळ करत बसला. संपल्यावर त्याने टाळ्याही वाजवल्या.

कोल्बीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंतीशी उभा होता तिथेच लॅथ्रपसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला. "सोमवारपासून पगारावर ये. अशा आणखी ओळी आण म्हणजे झालं." आणि कोल्बी, वर मान करून, "थँक यू सर" म्हणाला. म्हणाला खरं!

बाहेर माणसं मुकाट्याने व्हॅनमध्ये चढत होती. मिस विल्मा खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. हर्शेल एकटा मागे थांबला.

"डॅडी, मी..."

"साहेबांनी ठेवून घेतलं का तुला?"

"हो सर."

"नक्की ना?"

"नक्की. डॅडी, मला माफ करा. मला थांबवता आलं असतं. मी थांबवलं नाही."

"दिसलं मला," हर्शेल म्हणाला. रागाने बोलला असता तर परवडलं असतं. त्याने रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "इतकी वर्षं दार उघडं ठेवलं. आत कुणी आलं नाही. त्यातून निघून तू तरी कुठेतरी पोचलास."

उन्हाळाभर त्या खोलीत बसून कोल्बीला एक खोड लागली होती. बरी ओळ कानावर पडली की विसरू नये म्हणून तो ती ओठातल्या ओठात म्हणायचा. आता समोर बाप उभा होता, तोंड दाखवायला जागा नव्हती, आणि तरी त्याचे ओठ हलले.

हर्शेलला ते दिसलं.

"हे नको, पोरा," तो हळूच म्हणाला. "एवढं राहू दे आपल्यात."

तो व्हॅनमध्ये चढला. कोल्बीने तोंडावर हात दाबून धरला. पण ओळ पाठ झाली होती.