मागं तं बायकाच बसतेत!

आपल्याकडे घरात मोटार आली की पुढच्या सीटवर कोण बसणार, हे कोणी विचारत नाही. मालक पुढे बसतो, पाहुणा आला तर तोही पुढेच. बायका, म्हाताऱ्या, डबे, पिशव्या आणि ओकारी होणारी पोरं मागे. हा नियम कोणी केला? कोणीच नाही. आणि म्हणूनच तो मोडायला कोणी धजत नाही.

सन एकोणीसशे एकसष्टची गोष्ट. दारव्ह्याजवळच्या एका गावात भगवानरावांची हिरवी मोटार होती. गावातली ती एकुलती एक, त्यामुळे पोळ्याला बैलांच्या आधी तिला हार पडायचा. रस्ते मात्र उखडलेल्या गिट्टीचे, आणि गाडीत मागे सरकीची पोतीही लादली जायची. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बसले, धक्के झेलणाऱ्या शॉकपमधून तेल गळू लागलं, तेव्हा भगवानरावांनी गाडी दारव्ह्याला बशीर मिस्त्रींच्या दुकानी टाकली.

बाजाराच्या दिवशी ते ती घ्यायला गेले. सोबत ड्रायव्हर नेमसिंग होता, पत्नी इंदूबाई होत्या, आणि बाळंतपणासाठी सासरहून आलेली मुलगी मैना. मैनाची ही दुसरी खेप. गेल्या वर्षी पहिल्या खेपेला याच गाडीतून तिला यवतमाळच्या दवाखान्यात न्यायला निघाले होते, पण वाटेतच बाळ गेलं. गाव म्हणालं, पोरीचं नशीब! भगवानरावही तेच म्हणाले. या वेळी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हिला धक्के बसू देऊ नका, आणि वेळेआधीच आणून ठेवा.

बशीर हात पुसत पुढे आला. “भगवानराव, तुमी सांगतलं तसं केलं. पुढं नव्या स्प्रिंगा, नवे शॉकप. मागं एक जास्तीचा पाटा घातला. पण तो ओझ्याचा पाटा हाये. सरकीची पोती टाकान तं दबन. नुसती माणसं बसली तं गाडी उडन. अन् मागचे शॉकप तं मेलेलेच हायेत. नवी जोडी आहे माह्याजवळ, टाकू काय?”

“राहू दे,” भगवानराव म्हणाले. “पोती वाह्यली म्हंजे झालं. मागं तं बायकाच बसतेत!”

दुकानातले चार जण हसले. बशीरही गिऱ्हाईक सांभाळायला म्हणून हसला. इंदूबाई बाकड्यावर पिशव्या घेऊन बसल्या होत्या. हे वाक्य त्या इतकी वर्षं ऐकत आल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर स्वतःही म्हणत आल्या होत्या. पण आज शेजारी मैना बसली होती. ते ऐकून तिनं मान खाली घातली.

इंदूबाई उठल्या. मोटारीचं पुढचं दार उघडलं आणि चाकावर बसलेल्या नेमसिंगच्या शेजारी जाऊन बसल्या.

“हे काय वं?” भगवानराव चमकले. “मागं बस.”

“नाही बसत.”

“इंदू, लोक पाहून राह्यले!”

“पाहू द्या. मागं चांगलं असन तं तुमीच बसा. नाल्यापर्यंत एक चक्कर मारू. पोरगी इथंच राह्यते.”

बशीरची म्हातारी आई हजराबी दारात उभी होती. तिनं मैनाला आपल्याजवळ ओढलं आणि म्हणाली, “जा बाई, खुशाल जा.”

भर बाजारात बायकोला हाताला धरून उतरवायचं, की मागे बसायचं? भगवानराव मागे बसले. चेहरा असा केला होता की जणू ही कल्पना त्यांचीच.

आर्णीच्या रस्त्याला लागताच पहिल्या खड्ड्यानं त्यांचं डोकं टपाला लागलं. दुसऱ्यानं टोपी खाली पाडली. ती उचलायला वाकले, तर कमरेत अशी कळ आली की टोपी तिथेच राहिली. गाडी एकदा उडाली की उडतच राहायची. पुढे इंदूबाई आरामात बसल्या होत्या.

“नेमसिंग, हळू!” भगवानराव ओरडले.

“नेमसिंग, चालू दे,” इंदूबाई म्हणाल्या. “गेल्या वर्षी मैनाचं डोकं मांडीवर घिऊन मी तिथंच बसलती. मी बी म्हणून राह्यलती, हळू, हळू! तुमी पुढून काय म्हणे? जल्दी घे, येळ होऊन राह्यला.”

नेमसिंगनं मात्र आपणहून गाडी थांबवली. नाल्याच्या अलीकडे, बाभळीखाली.

“मले काहून नाही सांगतलं तू?” भगवानरावांनी विचारलं.

“सांगतलं. पुढं आयकू गेलं नाही.”

“पण ते तं पोरीचं नशीब...”

“नशीब!” इंदूबाई वळून बसल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज हलला नाही. “मी काही डॉक्टर नाही. काहून झालं ते देव जाणे. पण नशिबाच्या आधी हे पाटे होते, हा रस्ता होता, अन् पुढं बसलेले तुमी होते. त्याच्यातलं एक तरी बदलता येत होतं का नाही? हे सारं सोडून तुमी एकदम नशिबावर काहून गेले? अन् मी बी मान डोलावली. आता नाही डोलावत!”

“अवं, मंग पोती कशी नेऊ?”

“बैलगाडीनं न्या. पोत्याले दुखत नाही.”

भगवानराव खाली उतरले. मागच्या चाकाजवळ उभे राहून त्यांनी तो जाड, नवा, आपणच पसंत केलेला पाटा पाहिला. किती खूष होते ते त्याच्यावर! एवढ्या वर्षांत ते आपल्याच गाडीत मागे कधी बसले नव्हते. त्यांनी टोपी झटकली आणि परत मागेच बसले.

दुकानी आल्यावर बशीरनं विचारायच्या आधीच ते म्हणाले, “बशीरभाऊ, तो पाटा काढ. माणसाचे पाटे टाक. अन् शॉकपची नवी जोडी बी मागं टाक, ती आधीच टाकायला पाह्यजे होती. माह्यं चुकलं.” हे शेवटचे दोन शब्द त्यांनी चार लोकांत म्हटले. आता कोणी हसलं नाही.

महिनाभरानं मैना यवतमाळला गेली ती पुढच्या सीटवर बसून. भगवानराव मागे होते, आणि प्रत्येक खड्ड्याला विचारत होते, “लागलं तं नाही वं बेटा?” मैनाला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. शेजारचे वामनराव भेटायला आले आणि हळहळून म्हणाले, “पोरगीच झाली म्हणता? जाऊ द्या, भगवानराव.”

“कायले जाऊ द्या?” भगवानराव ताडकन म्हणाले. “माह्या गाडीत पुढं बसनारी आली!”

वाचकहो, मोटार सगळ्यांकडे नसेल. पण पुढची आणि मागची सीट कोणत्या घरात नाही? ठरवायचं पुढच्यांनी, हाडं मोडायची मागच्यांची, आणि दोष द्यायचा नशिबाला, ही रीत आपण किती दिवस चालवणार? दुसऱ्यासाठी निर्णय घेणाऱ्यानं आधी त्याच्या जागेवर बसून एक चक्कर मारावी. आणि मागे बसणाऱ्यांनो, तुमचं म्हणणं पुढे ऐकू जात नसेल, तर दार उघडा आणि पुढे जाऊन बसा!