लाल कांडीनंतर मी थांबतो

जरा दम धरा, मित्रांनो. माझ्या पोटातल्या काचेच्या नळ्या तापायला मिनिटभर लागते. तोवर मला बोलता येत नाही.

हं. आता ऐका.

मी स्पूलचा टेपरेकॉर्डर आहे. तुमच्यातल्या पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. पत्र्याच्या पेटीएवढा देह आणि वर दोन चकत्या. डाव्या चकतीवरची तपकिरी फीत उजवीकडे जाते, जाता जाता मधल्या झाकणाखाली एका लहानशा तुकड्याला घासते आणि आवाज निघतो. त्या तुकड्याला हेड म्हणतात. माझा स्वतःचा असा आवाज नाही. माझ्यासमोर जो बोलला, त्याचेच मी बोलतो. माझ्या अंगावर तीन बटणे आहेत, चालू, थांब आणि मागे. मला गोष्टही त्याच रीतीने सांगता येते.

चालू

१९६८ साली नागपूरच्या तांडापेठेतल्या विणकरांच्या एका सोसायटीने मला घेतले. सभांतली भाषणे टिपून ठेवावीत असा विचार होता. भाषणे फार लांब होती, मित्रांनो. खुद्द सेक्रेटरी चंपतरावांनाही ती दुसऱ्यांदा ऐकवेनात. मग एका सकाळी ते मला उचलून ईश्वरदासांच्या घरी घेऊन गेले.

ईश्वरदास हातमागावर लुगडी विणत आणि विणता विणता गात. त्यांचा आवाज जाडाभरडा होता, पण मागाच्या ठेक्यात असा बसायचा की शेजारच्या घरातले मागही त्याच चालीवर पडत. चंपतरावांनी मला ओट्यावर ठेवले आणि ईश्वरदासांनी सुरू केले,

"काठ माह्या करवती, त्याचे दात मोजू किती..."

दोन कडवी झाली आणि काठाचा लाल धागा सरला. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात सुताची जी नळी बसवतात तिला कांडी म्हणतात. ईश्वरदासांनी गाता गाताच हाक मारली, "लाल कांडी आण वं, देवके!" आतून दहा वर्षांची देवकी धावत आली. गाणे पुढे सुरू झाले.

"ऐन गाण्यात पोरीले काहून हाक मारली गा?" चंपतराव हळहळले. "सारी टेप खराब केली न!"

"धागा सरला तं हाक मारा लागन न, सेक्रेटरीसाहेब," ईश्वरदास म्हणाले. "का तुमीच आणून देता कांडी?"

सगळे हसले. हाक तशीच राहिली. पुढे कितीतरी वर्षे गल्लीतली माणसे सणावाराला मला ऐकायला जमत, आणि त्या हाकेपाशी पोरे देवकीला चिडवत. ते माझे चांगले दिवस होते.

मग लहान कॅसेटी आल्या. सोसायटीत मी कपाटावर गेलो आणि माझ्यावर रजिस्टरे रचली गेली. शेवटी चंपतरावांनी मला ईश्वरदासांना देऊन टाकले. "तुह्याच आवाजाचं मशीन आहे, तूच सांभाळ," ते म्हणाले.

१९७५ साली ईश्वरदासांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी ती कापून काढली. गाठ गेली आणि आवाजही गेला. गळ्याला एक भोक राहिले, त्यातून श्वास तेवढा यायचा जायचा. ईश्वरदास पुन्हा मागावर बसले, पण आता कोणाला बोलवायचे असेल तर ते बोटातली अंगठी लाकडावर वाजवत. पुढच्या वर्षी देवकीचे लग्न झाले आणि ती इचलकरंजीला गेली. तिचा नवरा तिथल्या यंत्रमागावर होता.

थांब.

मागे

यापुढचे सांगण्याआधी मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती घरात फक्त दोघांना ठाऊक होती. एक मी, आणि दुसऱ्या तुळजाबाई, म्हणजे देवकीची आई.

देवकी गेल्यावर तुळजाबाई रोज दुपारी, घरातले सगळे लवंडले की, माझ्यापाशी बसत. गाणे त्यांना नको असायचे. त्या थेट त्या हाकेवर यायच्या. "लाल कांडी आण वं, देवके!" की थांब. मागे. चालू. "लाल कांडी आण वं, देवके!" थांब. मागे. चालू. नवऱ्याचा आवाज आणि लेकीचे नाव, दोन्ही एवढ्याशा जागेत होते. पण एका जागेवर फीत किती ताण सोसेल? १९७९ साली एका दुपारी ती त्या हाकेपाशीच तुटली.

तुळजाबाई घाबरल्या. मग त्यांच्या बोटांनी तेच केले जे ती बोटे आयुष्यभर करत आली होती. ताण्याचा, म्हणजे मागावरचा उभा, धागा तुटला की विणकर दोन टोके अंगठ्यावर घेतो, एक फिरकी मारतो आणि इवलीशी गाठ बसवतो. तशीच गाठ त्यांनी माझ्या फितीला मारली! फीत कधी गाठ मारून जोडत नाहीत, मित्रांनो. पण हे त्यांना कोण सांगणार? धाग्याची गाठ मारली की विणकर उरलेली शेपटे कात्रीने उडवतो. तुळजाबाईंनी कात्री हातात घेतली आणि खाली ठेवली. त्या फितीत नवऱ्याचा आवाज होता.

तेव्हापासून ती गाठ हेडपाशी आली की मी अडायचो. तुळजाबाई झाकण उचलून, मागाच्या फणीतून धाग्याची गाठ सरकवावी तशी, तिला बोटाने अलगद पुढे सरकवायच्या. "दे" आणि "के" एवढेच निघायचे, मधला "व" गाठीत गेला होता. पण मी पुढे जायचो. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

पुन्हा चालू

१९८१ सालचा चैत्र. इचलकरंजीहून देवकीचे पत्र आले. तिची आधीची दोन मुले पोटातच गेली होती. आता सातवा महिना लागला होता, आणि डॉक्टरीण बाईंनी तिला खाटेवरून उठायला मनाई केली होती. पत्रात तिने लिहिले होते, "दिवसभर छताकडे पाहून भीती वाटते. बाबाचा आवाज पाठवा."

इचलकरंजीत तिच्याच गल्लीत राहणारा चंद्रभान नागपूरला आला होता आणि गुरुवारी तीनच्या गाडीने परत निघणार होता. त्या गुरुवारी सकाळी देवकीचा भाऊ जागेश्वर याने मित्राकडून कॅसेटचा टेपरेकॉर्डर मागून आणला. तो माझ्यासमोर ठेवायचा, मी गायचे, त्याने टिपायचे, असे ठरले. त्यासाठी खोलीत चिडीचूप शांतता हवी होती. शेजारचे माग थांबवले, खिडकी लावली.

"माय, तू बाहेर बस वं," जागेश्वर म्हणाला. "तुह्या बांगड्या वाजतात."

तुळजाबाईंनी माझ्याकडे पाहिले. मग बांगड्या मुठीत धरून त्या ओसरीवर जाऊन बसल्या.

बटण दाबले. मी गायला लागलो. "काठ माह्या करवती, त्याचे दात मोजू किती..." दोन कडवी झाली. "लाल कांडी आण वं, दे

थांब.

"काहून थांबला गा हा?" जागेश्वरने मला दोन चापट्या मारल्या. फीत मागे घेतली. गाठ निमूट गुंडाळीत जाऊन बसली. त्याने चकत्या पुसल्या, मोटरीला नवा रबरी पट्टा घातला.

"काठ माह्या करवती..." दोन कडवी. "लाल कांडी आण वं, दे

थांब.

बारा वाजून गेले. इतवारी बाजारातून मधुकरराव मिस्त्री आले. त्यांनी माझी पाठ उघडली, मोटर फिरवून पाहिली, विजेचा दाब मोजला. आपल्या पिशवीतली एक भजनाची फीत लावली, ती मी शेवटपर्यंत गायलो.

"मशीन तं चालून राहिली बरोबर," मधुकरराव म्हणाले. "तुमची टेपच बेकार आहे. फेकून द्या."

त्यांनी माझी पाठ उघडली, पण झाकण कोणी उचलले नाही. मला ओरडून सांगावेसे वाटत होते, गाठ आहे, गाठ! पण सांगितले ना, माझ्यावर जे टिपलेले असते तेवढेच मला बोलता येते.

"लाल कांडी आण वं, दे

थांब.

"जागेश्वरा, गाडी काही माह्या सासऱ्याची नाई गा," दारातून चंद्रभान म्हणाला. "तीनले निघन म्हणजे तीनलेच निघन."

कोपऱ्यातल्या मागावर ईश्वरदास बसले होते. त्यांनी अंगठी एकदाच वाजवली आणि हाताने खूण केली, राहू द्या. पण त्यांची नजर कॅसेटवरून हटली नाही.

तेव्हा जागेश्वरची बायको शामला पुढे झाली. ती सकाळपासून चहा देता देता सारे ऐकत होती. "अवो, तिन्ही डाव तो लाल कांडीनंतरच थांबला," ती म्हणाली. "अन् आत्याबाई रोज ऐकतात तवा तं नाई थांबत!" ती ओसरीवर सासूपाशी गेली. "आत्याबाई, तुमी काय करता वो त्याले?"

तुळजाबाईंनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले. "बोट लावा लागते तिथं," त्या हळूच म्हणाल्या.

"कायले?"

"गाठ आहे न तिथं."

जागेश्वरने झाकण उचलले, आणि दोन वर्षांनी पहिल्यांदा तुळजाबाईंखेरीज कोणी ती गाठ पाहिली.

"माय! सकाळपासून आमी मरून राहिलो इथं, अन् तू बाहेर गप्प?"

"कशी सांगू रे?" त्या म्हणाल्या. "त्याहिचा आवाज होता तेवढाच. तोही म्या तोडला."

मधुकररावांनी मान हलवली आणि ब्लेड काढले. "सोपं काम आहे. गाठ कापतो, चिकटपट्टी लावतो. दोन बोटं फीत जाईन, त्यात काय?"

"त्या दोन बोटांत माही पोरगी आहे गा!" तुळजाबाई म्हणाल्या.

मधुकररावांनी ब्लेड परत खिशात ठेवले.

टक् टक् टक्. अंगठी वाजली. ईश्वरदास उठून माझ्यापाशी आले. त्यांनी तुळजाबाईंना हाताला धरून समोर बसवले आणि फितीची एक बाजू त्यांच्या चिमटीत दिली. दुसरी आपण धरली. मग सुई घेऊन ते त्या गाठीत शिरले. विणकराची गाठ सुटण्यासाठी मारलेली नसते. पण माझी फीत सुतासारखी खरबरीत नव्हती, गुळगुळीत होती. पाऊण तास गेला. तुळजाबाईंच्या डोळ्यांतले पाणी गालावरून ओघळत होते. त्यांनी ते पुसले नाही, कारण चिमटी सोडता येत नव्हती.

गाठ सुटली. शेपटे शाबूत होती. ईश्वरदासांनी चुरगळलेली फीत नखाने सरळ केली, मधुकररावांनी टोकाला टोक भिडवून मागून चिकटपट्टी लावली. सव्वादोन वाजले होते.

या वेळी तुळजाबाईंना कोणी बाहेर पाठवले नाही. शामलाने त्यांच्या बांगड्यांवर ओला पंचा गुंडाळला.

"काठ माह्या करवती, त्याचे दात मोजू किती..." पहिले कडवे. दुसरे. माझ्या पोटातल्या नळ्या तापल्या होत्या. "लाल कांडी आण वं, देवके!"

"व" थोडा थरथरला, चुरगळलेल्या जागेवर थरथरणारच. पण निघाला. मी थांबलो नाही. गाणे संपेपर्यंत गात राहिलो, आणि माझी फीत उजव्या चकतीवर जाऊन फडफडू लागली.

जागेश्वर कॅसेट बंद करायला वाकला. ईश्वरदासांनी त्याचा हात धरला. कॅसेट फिरत होती. ते तिच्या माईकवर इतके वाकले की कपाळ टेकले. त्यांचे ओठ हलले. आवाज आला नाही. गळ्यातल्या भोकातून नुसती हवा आली, तीन वेळा, थांबून थांबून. लेकीच्या नावाला लागते तेवढीच.

मग त्यांनी हात सोडला.

"हे काय ऐकू येईन तिले?" दारातून चंद्रभानने हळूच विचारले. "वारा वाटन."

"वाटन तं वाटन," तुळजाबाई म्हणाल्या. "तिले समजन. तू जाय गा, गाडी सुटन तुही."

चंद्रभान कॅसेट छातीशी धरून पळत गेला. तिच्यावरचे शेवटचे माझ्याकडे नाही, मित्रांनो. ते मी ऐकले, पण माझ्यावर टिपलेले नाही, म्हणून तुम्हाला ऐकवता येत नाही.

आता माझा पट्टा विरघळला आहे आणि नव्या नळ्या मिळत नाहीत. त्याची मला फारशी खंत नाही. एकच मागणे आहे. तुमच्या घरातले एखादे यंत्र अडले तर त्याची पाठ उघडण्याआधी, त्याच्यापाशी रोज कोण बसते ते पाहा आणि त्या माणसाला विचारा. रागावून विचारू नका, नाहीतर ते माणूस सांगणार नाही. आणि कोणाचे बोलणे टिपून घ्यायला बसलात, तर त्याचे बोलून झाले असे वाटल्यावरही बटण लगेच दाबू नका.

थोडा वेळ तसेच फिरू द्या.