बाविसावं वाक्य

१९९४ च्या मार्चमध्ये मी अंबड तालुक्यातल्या एका गावात घरोघर जाऊन बायकांचं नैराश्य मोजत होते. 'मोजणं' हा शब्द हा अभ्यास चालवणाऱ्या आमच्या सरांचा; माझ्याजवळ मानसशास्त्रातली एम.ए.ची पदवी होती आणि सात महिन्यांची मुलगी होती, आणि दोन्हींतलं काहीच आपल्याला नीट येत नाही असं माझं तेव्हा ठाम मत होतं. मुलीला बदनापूरला सासूबाईंजवळ ठेवून मी सकाळच्या एस.टी.नं निघायची.

पद्धत सोपी होती. छापील फॉर्मवर एकवीस वाक्यं: 'मला उदास वाटतं', 'मला झोप लागत नाही', 'माझी मलाच चीड येते'. मी एकेक वाचायचं आणि समोरच्या बाईनं ते जितकं खरं वाटेल तितके, शून्य ते तीन, चिंचोके वाटीत टाकायचे; तो आकडा मी वाक्यापुढच्या चौकटीत लिहायचा. हे चिंचोके मी रुमालात घट्ट गाठ मारून पर्सच्या तळाशी ठेवी, कारण घरी एखादा सांडला आणि मुलीनं नाकात घातला तर, हा विचार मला दिवसातून चार-पाच वेळा येई.

अकरा फॉर्म झाल्यावर अंबडच्या बसस्टँडवर बसून मी बेरजा केल्या. सगळ्यांची बेरीज एकच आली, चव्वेचाळीस. सदा हसणारी पुष्पाबाई आणि नवरा गेल्यापासून एकटी राहणारी सत्यशीला यांच्या दुःखात एका चिंचोक्याचाही फरक नव्हता. चूक माझीच असणार, म्हणून दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पहिल्या घरी, गोजरबाईंकडे गेले. त्या सूप घेऊन ज्वारी पाखडत होत्या.

"मावशी, परवा चिंचोके टाकले ते तुमच्या मनाचंच सांगितलं ना?"

"माझ्या मनाचं कशाला?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "तूच म्हणून राह्यली होतीस, मला झोप येत न्हाई, मला रडू येतं. मंग तुझं तोंड बघून टाकले. पुष्पा तर म्हणली, एवढी शिकलेली पोरगी अन् घरोघर रडगाणं सांगत हिंडून राह्यली."

मला हसूच आलं. 'मला' हा शब्द मोठ्यानं वाचला की तो वाचणाऱ्याचा होतो, हे ना सरांच्या लक्षात आलं होतं ना माझ्या. अकरा बायकांनी मिळून मलाच मोजलं होतं, आणि शास्त्राच्या दृष्टीनं फारच विश्वासार्ह मोजलं होतं.

"फक्त ते शेवटचं," गोजरबाई म्हणाल्या, "ते इतकं हळू नको बोलत जाऊ. ते लेकराचं."

फॉर्मवर लेकराचं वाक्य नव्हतं. मला मूल आहे हेही मी त्या गावात कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःविषयी बोलायचं नाही अशी सरांची सूचनाच होती. मी फॉर्म काढले. एकविसाव्या चौकटीखाली, अकराही फॉर्मवर, पेनानं आखलेली आणखी एक चौकट होती आणि तिच्यात माझ्या अक्षरात तीनचा आकडा होता. बेरजेत मी तो धरला होता, आणि तरी पाहिला नव्हता.

"मी काय बोलते, मावशी?"

"तुझ्या तोंडचं मला कशाला बोलायला लावती? लेकरू कोणापाशी ठेवलं?"

"सासूबाईंजवळ."

"बराबर केलं," त्या म्हणाल्या आणि सूप उचललं. "बिलकुल बराबर केलं."

मी दुपारीच घरी परतले. सासूबाई ओसरीवर मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. वाटी आणि चिंचोके त्यांच्यापुढे ठेवून मी सगळं समजावलं, आणि या वेळी 'मला'च्या जागी काळजीपूर्वक 'तुम्हाला' म्हणत, प्रत्येक ओळीवर बोट ठेवून एकवीस वाक्यं वाचली. सासूबाई नाही-नाही म्हणून मान हलवत राहिल्या. वाटी रिकामीच राहिली. एकविसावं संपताच मी ओठ दातांखाली धरले आणि गप्प बसले.

सासूबाई किंचित पुढे वाकल्या, नीट ऐकू यावं म्हणून वाकतात तशा. मग त्यांनी एकेक करून तीन चिंचोके वाटीत टाकले, आणि मुलीला उचलून माझ्यापासून लांबच्या मांडीवर घेतलं.