दोरीपासून मोजलेला डोंगर

काचेवर धातूचा पातळ थर चढवला तर तो किती खडबडीत होईल, हे आधीच सांगणारं गणित मी दोन वर्षं करत होतो. गणित सोपं आहे. संगणकात वरून कण टाकायचे. कण पडला की त्याने आजूबाजूला बघायचं आणि शेजारी सखल जागा असेल तर तिकडे घरंगळायचं. खडबडीतपणा आधी वाढतो, मग एका पातळीवर थांबतो. सगळ्या जगात थांबतो. माझ्याकडे थांबेना.

माझ्या थरावर सुळके उगवले होते. सगळ्यात उंच सुळक्याला मी मामा म्हणायचो, कारण तोही कुणाचं ऐकत नसे.

त्या दिवशी चार वाजता माझं काम तपासणारी समिती प्रयोगशाळेतच बसणार होती. माझ्या मार्गदर्शक मॅडम सकाळीच म्हणाल्या, "आलेख आडवा झाला तर आणखी एक वर्ष देऊ. नाही झाला तर टेबल रिकामं कर."

त्यातच प्रयोगशाळेच्या भिंतीला ओल आलेली. विभागाने गवंडी बोलावला आणि आले माझे बाबा. सकाळपासून ते माझ्या पाठीमागे थापीने गिलावा मारत होते आणि मॅडमना दर तासाला सांगत होते, "बाई, पोरगं लहानपणापासून हुशार आहे." मॅडम मान हलवत. होकारार्थी की नकारार्थी, कळत नसे.

दुपारी बाबा हात पुसत माझ्या खुर्चीमागे उभे राहिले.

"हे आकडे कसले?"

"थराचे, बाबा. एका जागेला एक आकडा."

त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला. "चारशे बारा? केवढा खड्डा हा."

"खड्डा नाही, तो मामा आहे."

"मामाचं काय मध्येच? दोरीपासून चारशे बारा आत म्हणजे खड्डाच. माल इथेच जायला हवा."

"तिथेच जातोय."

"मग बरोबर आहे की. तोंड का पाडलंयस?"

मी पडद्यावरचा आकडा पुन्हा वाचला. गवंडी भिंतीसमोर दोरी ताणतो आणि दोरीपासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजतो. आकडा मोठा, तर खड्डा खोल. सुट्टीच्या दिवशी त्या दोरीचं दुसरं टोक धरूनच मी मोठा झालो. इथे मात्र आकडा काचेपासूनची उंची होता. मोठा आकडा म्हणजे डोंगर. दोन वर्षं मी प्रत्येक कणाला, 'खड्डा बुजव रे' असं सांगून डोंगरमाथ्यावर पाठवत होतो.

प्रोग्रॅममध्ये 'मोठा' पुसून 'लहान' लिहिलं. साडेतीनला आलेख चढला, थोडा डुलला आणि जेवण झालेल्या माणसासारखा आडवा झाला. मामा उगवलेच नाहीत.

समितीतल्या जाड भिंगांच्या सरांनी विचारलं, "चूक कुठे होती?"

"घरात, सर."

"आणि सापडली कशी?"

मी भिंतीकडे बोट दाखवलं. बाबा वळले. "माझं ऐकाल तर साहेब, त्याचं आधीचंच बरोबर होतं."

सरांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी छताकडे पाहिलं. मग सर उठले, ओल्या गिलाव्याला डोळा लावून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेले आणि म्हणाले, "एक वर्ष द्या. घराण्यात सपाटपणा आहे."

स्कूटरवर मागे बसलेले बाबा अर्ध्या रस्त्यात म्हणाले, "दोन वर्षं नीट खड्डे भरलेस. शेवटच्या अर्ध्या तासात कच खाल्लीस."