पाच रकान्यांतली एकच बाई

“हा अर्ज आज देऊ नका, सिस्टर,” काका म्हणाले खरे, पण नजर वर करायचा त्यांना धीर झाला नाही.

व्यवस्थापन विभागात पीएच.डी.च्या कागदपत्रांचं टेबल काकांचं. समोर बसलेल्या बाई वीस वर्षं इस्पितळात नोकरी करून संशोधनाला आलेल्या, म्हणून सगळे त्यांना सिस्टर म्हणत. नाव काढून घेण्याचा अर्ज त्यांच्या हातात होता.

फीमाफी दोनच वर्षांची होती. आज कचेरी बंद होईपर्यंत ज्याचं नाव पटावर राहील, त्याच्या माथी तिसऱ्या वर्षाचा पूर्ण हप्ता बसणार होता.

अडलं होतं ते वेगळ्याच गोष्टीपाशी. नव्या माहितीपुस्तिकेचं ‘आमचे विद्यार्थी’ हे पान आजच छापायला जायचं होतं. एकूण विद्यार्थी चौदा. महिला किती, चाळिशी ओलांडलेले किती, परगावचे किती, घरातले पहिले पदवीधर किती, नोकरी करून आलेले किती, असे पाच रकाने. काकांनी सकाळी पाचही ठिकाणी ‘एक’ भरला आणि मग त्यांच्या लक्षात आलं, हा प्रत्येक एक म्हणजे सिस्टरच. बाकीचे तेरा एका साच्यातून काढलेले, बापाच्या गादीवर बसण्याआधी नावापुढे डॉक्टर लावायला आलेले.

सिस्टर आज नाव काढायला येणार हे ठाऊक होतं, म्हणून ते तसेच विभागप्रमुखांकडे गेले होते. सिस्टरना आणखी एक वर्ष माफी मिळेल का, असं त्यांनी चाचरत विचारलं. यंदा पैसे पुस्तिकेवर गेले, असं साहेबांनी सांगितलं. बाईंना उद्या यायला सांगा, पान तेवढं आज जाऊ द्या. आणि हप्ता? काकांनी विचारलं. बघू, साहेब म्हणाले. तीस वर्षांच्या नोकरीत साहेबांच्या ‘बघू’चे डोळे कधी उघडलेले काकांनी पाहिले नव्हते. पण चार महिन्यांनी निवृत्ती होती आणि पेन्शनच्या कागदांवर सही याच साहेबांची लागणार होती.

“उद्या दिला तर चालेल?” सिस्टरनी विचारलं. “काही बिघडणार नाही ना, काका?”

नाही, एवढंच म्हणायचं होतं. काकांनी वर पाहिलं. भिंतीवरचं घड्याळ आज जरा जास्तच घाईत होतं. त्यांनी अर्ज ओढून घेतला, शिक्का उमटवला, आजची तारीख घातली आणि पोचपावती फाडून दिली.

“बिघडलं असतं,” ते हळूच म्हणाले आणि त्यांनी ते पान सिस्टरपुढे सरकवलं. “तुम्ही इथं पाच जणी होतात.”

सिस्टरनी एकेका रकान्यावरून बोट फिरवलं. “पाच जणींची ड्यूटी तर इस्पितळातही केली,” त्या म्हणाल्या. “पगार मात्र एकीचाच.”

काका हसले आणि त्यांनी पेन उचललं. चौदाचे तेरा केले. मग एकाखाली एक पाच शून्यं काढली. शेवटचं जरा वेडंवाकडं झालं. आता हे घेऊन साहेबांच्या खोलीत जायचं होतं. उठताना कागद त्यांच्या मुठीत चुरगळला.

सिस्टरनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, टेबलावर पसरला आणि पेशंटची चादर सारखी करावी तशी तळव्याने प्रत्येक सुरकुती मोडून काढली.

“साहेबांनी विचारलं तर सांगा,” कागद परत देत त्या म्हणाल्या, “प्रबंधाची दोनच प्रकरणं राहिली होती.”