खंडेनवमीचा फोटो

"आता तुमच्यासमोर जो कागद आहे, तो नीट पाहा," वेन ओस्टबी म्हणाला, आणि अर्धगोल टेबलामागे बसलेल्या समितीच्या सगळ्या सदस्यांनी एकदम कागद उलटला.

गुरुनाथ मागे, साक्ष द्यायला आलेल्यांच्या रांगेत बसला होता. कुठला कागद, हे त्याला ठाऊक नव्हतं. शेजारच्या बाईच्या मांडीवर एक प्रत होती. त्याने मान तिरकी केली.

पाट. लाल कापड. त्यावर त्याची शॉटगन. नळीभोवती झेंडूची माळ, दस्त्यावर हळदकुंकू. आणि कोपऱ्यात निळ्या पायजम्यातला, कपाळावर गंध लावलेला, डोळे घट्ट मिटून हात जोडलेला आर्य. त्याचा नातू.

*माझं नाव गुरुनाथ खानझोडे. मी ईडन प्रेरीत राहतो. निवृत्त इंजिनियर आहे. माझ्याकडे एक शॉटगन आहे आणि ती मी कुलपात ठेवतो.*

ही सुरुवात त्याने पाठ केली होती. प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं होती. सकाळी दाढी करताना आरशासमोर त्याने ती दोनदा म्हटली. घरात ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

"हे माझे मित्र आहेत," वेन सांगत होता. वेन राज्याच्या विधानसभेत दोन टर्म निवडून आलेला, आणि या समितीचाही सदस्य. शेतकरी घरातला, मोठ्या हातांचा माणूस. "यांच्या धर्मात वर्षातून एकदा शस्त्राची पूजा करतात. वापरण्याआधी हात जोडतात. आपल्यापैकी किती जण हे करतात? आणि अशा माणसाच्या घरात शिरून, बंदूक कुठे ठेव, किल्ली कुठे ठेव, हे सरकार सांगणार?"

विधेयक साधं होतं. घरातली प्रत्येक बंदूक रिकामी आणि कुलपात असली पाहिजे. वेनचा त्याला विरोध होता, आणि तो उगाच नव्हता. त्याच्या भागात शेरीफची गाडी पोचायला पाऊण तास लागतो. शेतावर एकटी राहणारी बाई आधी चष्मा शोधणार, मग किल्ली, मग कुलूप. जो मुळातच जपून वागतो त्यालाच हा कायदा गुन्हेगार ठरवणार. गुरुनाथला हे पटत होतं. आजही पटत होतं.

फक्त फोटो.

*माझं नाव गुरुनाथ खानझोडे. नागपूरला कॉलेजात एनसीसीत असताना मी रायफल*

नाही. ते नको. त्यात वेळ जातो.

*माझं नाव गुरुनाथ. माझी बायको लता*

तेही नको.

लता गेली तेव्हा पहिला महिनाभर मराठी मंडळातल्या सगळ्यांनी डबे आणले. मग आमंत्रणं येईनाशी झाली. कुणी वाईट नव्हतं. जोडप्यांच्या जेवणात एकट्या माणसाला कुठे बसवायचं, हे कुणाला कळत नव्हतं. वेन मात्र आला. नेमबाजीच्या क्लबात दर गुरुवारी दोघं शेजारी उभे राहून मातीच्या उडत्या तबकड्यांवर नेम धरायचे, एवढीच ओळख. तो बटाटा-चीजचं काहीतरी भाजलेलं भांडं घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "गुरू, गुरुवारी येतोस ना? तुझी जागा कुणाला दिलेली नाही."

म्हणून वेनने "येशील का बोलायला?" विचारल्यावर तो हो म्हणाला होता. आणि "त्या तुमच्या सणाचं काही दाखव की," असं वेन म्हणाला तेव्हा फॅमिली ग्रुपवरचा फोटो त्याने फॉरवर्ड केला होता. एका बोटाने. दिवाळीचे, गणपतीचे, सुप्रभाताचे फोटो करतो तसा. पूजेचा फोटो म्हणजे दाखवण्याचाच. त्यात कोण आहे हे कोण बघतं?

त्याच्या मुलीने, नेत्राने, बघितलं होतं. ऑक्टोबरमध्येच.

तिची मिनिॲपोलिसला कॉन्फरन्स होती, म्हणून ॲन आर्बरहून येताना तिने आर्यला आजोबांकडे ठेवलं. त्यात खंडेनवमी आली. दरवर्षी लता पाटावर तिचं शिवणयंत्र मांडायची, त्याचा लॅपटॉप, पाने-पकडी, गाडीची किल्ली. या वेळी मांडायला तो एकटा. आर्यने विचारलं, "आजोबा, विच वन इज युअर वेपन?" आणि गुरुनाथ तळघरातल्या कपाटाकडे गेला. बंदूक रिकामी होती, दोनदा तपासली. पोरगं किती भक्तिभावाने उभं होतं!

त्याने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. नेत्राचा फोन पाच मिनिटांत आला.

"बाबा, काय आहे हे?"

"अगं, खंडेनवमी. रिकामी आहे ती."

"रिकामी आहे हे त्याला कसं कळणार? पुढच्या वेळी दिसली की तो जवळ जाऊन नमस्कार करेल! कुणी बंदूक घेऊन शिरलं तर, म्हणून शाळेत त्यांना ड्रिल असतं, बाबा. लाइट बंद करून दप्तरांच्या कप्प्यांत लपून बसायचं. सात वर्षांचा आहे तो. आणि तुम्ही त्याला फुलं वाहायला लावताय."

"मी लावलं नाही. त्याने स्वतः..."

"बाबा, प्लीज."

थँक्सगिव्हिंगला नेत्रा, जावई ऋषी आणि आर्य आले नाहीत. ख्रिसमसलाही नाही. फेब्रुवारीत तिचा आवाज जरा मऊ झाला. बंदूक क्लबच्या लॉकरमध्ये गेली, तर स्प्रिंग ब्रेकच्या सुट्टीत आर्यला पाठवते म्हणाली. गुरुनाथने दुसऱ्याच दिवशी ती नेऊन ठेवली. परवाच्या फोनवर ती शेवटी एवढंच म्हणाली, "आणि ते हिअरिंग वगैरे नका करू ना. त्याचं व्हिडिओ स्ट्रीमिंग असतं. ऋषीच्या ऑफिसातले लोक बघतात."

"बघू," तो म्हणाला होता. आर्य येणार होता तो येत्या शनिवारी.

"मिस्टर खान... झोड?" अध्यक्षबाईंनी पुकारलं.

तो उठला. माइकसमोर बसला. वेनने समोरून मान हलवली, हं, बोल.

"माझं नाव गुरुनाथ खानझोडे," तो इंग्रजीत म्हणाला. "मी ईडन प्रेरीत राहतो."

पुढचं आलं नाही. सगळ्यांच्या हाताखाली आर्य होता. एका सदस्याने त्याच्यावर कॉफीचा कप ठेवला होता.

"मॅडम, हा फोटो आमच्या घरचा आहे. तो मला परत मिळेल का?"

"सर, तो रेकॉर्डवर गेलाय. वेबसाइटवरही आहे."

"हो. पण हे कागद तरी."

बाईंनी शेजारी बसलेल्या समितीच्या वकिलाकडे पाहिलं. वकिलाने खांदे उडवले. बाई म्हणाल्या, "तुमची दोन मिनिटं आहेत, सर. हवी तशी वापरा."

गुरुनाथ उठला आणि टेबलाच्या एका टोकापासून सुरुवात केली. लग्नात पंगतीच्या शेवटी पत्रावळी गोळा करतात तसा वाकून, एकेकापुढे हात करत. विधेयक मांडणाऱ्या तरुण बाईने आपली प्रत पालथी करून दिली. एकाने त्यावर काहीतरी टिपून ठेवलं होतं. त्याने ते घाईघाईने दुसऱ्या कागदावर उतरवलं आणि सॉरी म्हणाला. कॉफीवाल्याने कप उचलला. कागदावर ओला गोल उमटला होता. गुरुनाथने तो रुमालाने टिपला. छतातला कॅमेरा त्याच्या मागोमाग हळूहळू फिरत होता.

वेनपाशी तो थांबला.

"गुरू, काय चाललंय?" वेन माइकवर हात ठेवून पुटपुटला. "मी तुझ्या बाजूने बोलतोय."

"माझ्याच बाजूने बोललास. चांगलं बोललास."

"मग?"

"पोरगं माझं नाही, वेन. माझ्या मुलीचं आहे. त्याचा फोटो तुला द्यायचा हक्क मला नव्हता."

वेनचे कान लाल झाले. त्याने कागद दिला, पण लगेच सोडला नाही.

"वेळ संपली, सर," अध्यक्षबाई म्हणाल्या. "फक्त नोंदीसाठी विचारते. तुम्ही विधेयकाच्या बाजूने की विरोधात?"

"विरोधात," गुरुनाथ म्हणाला. "ते बदललेलं नाही."

मागे कुणीतरी हसलं. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

बाहेरच्या संगमरवरी पॅसेजमध्ये क्लबातले तिघे उभे होते. एकाने हात वर केल्यासारखा केला आणि मग त्याच हाताने टोपी सारखी केली.

पार्किंगच्या दारापाशी फोन वाजला.

"बाबा."

"बोल."

"मी बघत होते."

सेंट पॉलमध्ये मार्च म्हणजे अजून हिवाळाच. रस्त्याच्या कडेला काळा पडलेला बर्फ होता.

"तुम्ही सगळ्यांकडून कागद मागत फिरत होतात."

"हो."

"बाबा, ते ऑनलाइन आहे हो. कागद घेऊन काय होणार?"

"माहितेय गं."

मग ती म्हणाली, "मी नाही पाठवत त्याला. आत्ता तरी नाही. त्याला कॅम्पला घातलंय. सॉरी, बाबा."

"बरं."

"रागावलात?"

"नाही."

"जेवलात का?"

"जेवेन आता घरी जाऊन."

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला. "मॉम, इज दॅट आजोबा?" नेत्रा म्हणाली, "वन मिनिट, बेटा," आणि तिने फोनवर हात ठेवला असावा, कारण सगळं दबून गेलं. तिने फोन ठेवला मात्र नाही.

गाडी खाली दुसऱ्या तळघरात होती. तिथे सिग्नल जातो. गुरुनाथने कागद काखेत धरले, हातमोजा काढला आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. आत जाणाऱ्या एका माणसाने त्याच्यासाठी दार धरून ठेवलं. गुरुनाथने मानेनेच नको म्हटलं, आणि तो तिथेच वाऱ्यात उभा राहिला.